अध्याय संपवण्याची घाई कशाला?

दर जानेवारीत आमच्या मंडळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक तक्ता फिरू लागतो. बायबलचे अध्याय १,१८९ आणि वर्षाचे दिवस ३६५, म्हणजे रोज तीन-चार अध्याय वाचले की डिसेंबरअखेर सगळं शास्त्र वाचून होतं. प्रत्येक तारखेपुढे एक चौकोन असतो, वाचून झालं की त्यात खूण करायची. कर्जतपासून खोपोलीपर्यंत कितीतरी ख्रिस्ती घरांत हा तक्ता मी भिंतीवर पाहिला आहे. माणसं मनापासून वाचतात. पहाटेच्या मुंबई लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर वाचतात, लेवीय आणि गणनाच्या अवघड अध्यायांतूनही नेटाने पुढे जातात. त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. तरीही माझं मत असं आहे की हा तक्ता आपण वर्षातले काही महिने तरी भिंतीवरून उतरवावा आणि त्या काळात एकच छोटा उतारा घेऊन त्याच्यापाशी बसावं. ज्यांच्या घरी पोथीचं पारायण होतं, ज्यांच्या गावात दरवर्षी सप्ताह बसतो, त्यांनाही हा प्रश्न परका वाटू नये.

मी निवृत्त परिचारिका आहे. माहेर नगरकडचं, नर्सिंगचं शिक्षण मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलात झालं आणि नोकरीची बहुतेक वर्षं कर्जत तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात गेली. कशेळे, खांडस, पाथरज, त्यांच्या आसपासच्या वाड्या आणि पाडे. दंडघेराची पट्टी, वजनकाटा, लोहाच्या लाल गोळ्या आणि लसींचा डबा घेऊन फिरण्याचं ते काम होतं. शास्त्र कसं वाचावं याबद्दल मी जे सांगणार आहे, ते या कामातून आणि आता दर गुरुवारी जमणाऱ्या आमच्या बायकांच्या छोट्या गटातून आलेलं आहे.

गटात सगळ्या प्रकारच्या आहेत. रेल्वेत नोकरी केलेल्याची विधवा, मूळची वसईची एक कॅथलिक शेजारीण, खोपोलीजवळच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी तरुण मुलगी, आणि आमच्यात सर्वांत थोरली आजी, जिला अक्षरओळख नाही. कधी कर्जतला एकीच्या घरी, कधी खोपोलीला दुसरीच्या. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत जाणारी ती छोटी गाडी आम्हाला सोयीची पडते. पद्धत साधी आहे. दहा-बारा ओळींचा उतारा एकजण मोठ्याने वाचते. मग कोणी बोलत नाही. पंखा चालू असेल तर त्याचा आवाज, खाली रिक्षा वळते तिचा आवाज, एवढंच. मग दुसरी तोच उतारा वाचते, शक्यतो वेगळ्या भाषांतरातून. त्यानंतर प्रत्येकीने आपण कुठे थांबलो तेवढं सांगायचं. अर्थ सांगायचा नाही, दुसरीचं ऐकून तिला दुरुस्त करायचं नाही, प्रवचन तर नाहीच. तिसऱ्यांदा वाचन झालं की ज्या गोष्टीवर थांबलो तीच देवाला सांगायची. मग चहा.

एकदा आम्ही मार्काचा पाचवा अध्याय घेतला होता. सभास्थानाचा अधिकारी याईर येशूच्या पाया पडतो, कारण त्याची मुलगी मरणाच्या दारी आहे. येशू त्याच्याबरोबर निघतो. वाटेत गर्दीत एक बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला हात लावते. बारा वर्षं तिच्या अंगावरून जातं आहे. ही गोष्ट मी संडे स्कूलपासून ऐकली आहे, आणि प्रत्येक उपदेशात तिचा एकच अर्थ कानावर आला आहे: विश्वास ठेवा, बरे व्हाल.

त्या संध्याकाळी मात्र रेल्वेवाल्यांची विधवा थांबली ती याईरापाशी. तिचं एक मूल लहानपणी गेलेलं. ती म्हणाली, येशू त्या बाईशी बोलत थांबलाय आणि हा बाप बाजूला उभा आहे. त्याच्या पायांत काय होत असेल? मार्क याईराबद्दल त्या वेळी एक शब्दही लिहीत नाही. बाई थरथरत पुढे येते आणि सगळी हकीकत सांगते. बारा वर्षांची हकीकत किती वेळ चालली असेल? आणि येशू ती ऐकून घेतो, तिकडे मुलगी मरत असताना. बातमी येते ती नेमकी तेव्हाच, की मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास. आमच्या खोलीत बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

मी थांबले होते दुसरीकडे. मार्क लिहितो की त्या बाईने पुष्कळ वैद्यांच्या हातून पुष्कळ सोसलं, जवळचा पैसा संपवला आणि तिचं दुखणं उलट वाढलं. लूक हीच गोष्ट सांगतो तेव्हा हा सूर सौम्य करतो. परंपरा लूकला वैद्य मानते, आणि आपल्या पेशाबद्दल तेवढं कठोर लिहिणं त्याला जड गेलं असावं असं माझं मन म्हणतं. मी आयुष्यभर अशा बायकांना पाहिलं आहे. अंगावरून जाण्याबद्दल त्या पहिल्या भेटीत कधीच बोलत नाहीत. कंबर दुखते म्हणतात, चक्कर येते म्हणतात. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहावी तर आतून पांढरीफटक. तिसऱ्या-चौथ्या खेपेला, वाडीतल्या इतर बायका पाण्याला गेलेल्या असतात तेव्हा, ती खरं सांगते. आणि सांगताना जी थरथर असते ती मला मार्काच्या वाक्यात ओळखू येते. मोशेच्या नियमशास्त्रानुसार अशी बाई अशुद्ध, ती ज्याला शिवेल तोही अशुद्ध. विटाळ म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. येशू तिला लोकांसमोर मुलगी म्हणून हाक मारतो. रक्त तर त्याआधीच थांबलेलं आहे. ती बरी झाल्यानंतरही तो थांबतो, तिला समोर यायला लावतो, बोलू देतो. रोग जाणं एक आणि माणूस पुन्हा सबंध होणं दुसरं, हे त्या थांबण्यात मला स्पष्ट दिसतं. ती शरीराने बरी होऊन गर्दीतून गुपचूप निघून गेली असती, तर बारा वर्षांची लाज तिच्याबरोबर घरी गेली असती.

आणि मग आजी. तिला वाचता येत नाही, म्हणून ती ऐकते, आणि आमच्यापेक्षा जास्त ऐकते. ती थांबली अगदी शेवटी. मुलगी उठून चालू लागते, सगळे थक्क होतात, आणि येशू सांगतो की हिला काहीतरी खायला द्या. आजी म्हणाली, बारा वर्षांची पोर, आजारातून उठलेली, तिला भूक लागली असणार हे त्यालाच सुचलं, बाकी सगळे चमत्कारच बघत बसले.

ही ओळ मी शेकडो वेळा ऐकली असेन. पण कशेळ्याच्या वाड्यांमधली मुलं तिच्यात कधी आली नव्हती. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. त्यांच्या मुलांच्या दंडाला पट्टी लावली की ती लाल रंगावर येते, ते दृश्य माझ्या हातांना पाठ आहे. तीव्र कुपोषित मुलाला उपचार मिळून ताप उतरतो, जुलाब थांबतात, आणि घरचे म्हणतात की बरा झाला. पण खरं काम तिथून सुरू होतं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खाऊ घालायचं, तेही कामावर जाणाऱ्या आईने. चमत्कारानंतरच्या त्या जेवणाकडे ज्याचं लक्ष आहे, त्या देवावर माझा विश्वास आहे. रोज चार अध्याय वाचताना ही ओळ निसटते, कारण ती अध्यायाची शेवटची ओळ आहे आणि आपले डोळे पुढच्या अध्यायाकडे वळलेले असतात.

या वाचनाला पाश्चात्त्य मठांत लेक्सिओ दिव्हिना म्हणतात. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जो नियम घालून दिला, त्याच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात हातांनी करायचं काम आणि शास्त्राचं वाचन या दोन्हींच्या वेळा एकत्रच ठरवलेल्या आहेत. दोन वेगळी प्रकरणं त्याने केली नाहीत, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. बाराव्या शतकात फ्रान्सच्या डोंगरातल्या ग्रांद शार्त्रूझ मठाचा प्रमुख गिगो दुसरा याने आपल्या एका बंधूला पत्र लिहून या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी शब्द थांबून देवासमोर नुसतं असणं. तो हे जेवणाच्या भाषेत सांगतो. वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थनेत चव लागते, आणि शेवटची पायरी म्हणजे तृप्ती. २०१० साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी देवशब्दावरच्या आपल्या पत्रात याच पायऱ्या पुन्हा मांडल्या आणि वाचन कृतीपर्यंत पोचल्याशिवाय पुरं होत नाही असं बजावलं.

पण मराठी माणसाला हे शिकायला आल्प्सपर्यंत जायची गरज नाही. आमच्या कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत गावोगाव हरिनाम सप्ताह बसतात, कार्तिकीला दिंड्या घाट चढून आळंदीला जातात. सप्ताहातलं कीर्तन ज्याने ऐकलं आहे त्याला माहीत आहे की कीर्तनकार सेवेला एकच अभंग घेतो. चार-पाच चरण, आणि त्यांच्यापाशी दोन तास. चरण पुन्हा पुन्हा म्हटला जातो, टाळकरी तो उचलतात, निरूपण दूर जाऊन पुन्हा त्याच चरणावर येतं. माझ्या शेजारच्या वारकरी काकांना मी आमच्या गुरुवारबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांना काहीच नवल वाटलं नाही. आम्ही ख्रिस्ती लोकांनी मराठी मातीतून भजनाची चाल घेतली, टाळ घेतले, हे आमचं भाग्य. पण एका चरणापाशी बसण्याची ही सवय मात्र आमच्या वाचनात उतरली नाही याची मला खंत आहे.

तशी ती अगदीच नव्हती असंही नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं, आणि ते पुराणासारखं मोठ्याने वाचण्यासाठीच होतं. लोक जमत, एक वाचे, बाकीचे ऐकत. नारायण वामन टिळकांना एका रेल्वेप्रवासात अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. वाचता वाचता टिळक मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांत, डोंगरावरच्या प्रवचनात, अडकले आणि तिथून त्यांना हलता येईना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढं मोठं वळण घडवायला सबंध बायबल लागलं नाही, तीन अध्याय पुरले. आणि पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकमधून सबंध बायबल मराठीत आणलं. साध्या बायकांना कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. भाषांतराचं काम त्यांनी संपवलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. छपाई केडगावच्याच त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच बायकांच्या हातांनी झाली. माझी पणजी दुष्काळात मुक्तीत आलेल्या मुलींपैकी एक. खिळे जुळवणारी बाई एकेक अक्षर उचलून शास्त्र वाचते. तिच्याइतक्या सावकाश ते दुसरं कोणी वाचलं नसेल.

आमच्या अगदी डोक्यावर, खोपोलीहून घाट चढलं की लोणावळ्याला, साधना संस्था आहे. ती जेझुइट धर्मगुरू फादर अँथनी डिमेलो यांनी १९७०च्या दशकात पुण्यात सुरू केली आणि पुढे लोणावळ्याला नेली. १९३१ साली मुंबईत जन्मलेला हा माणूस शिकागोत मानसशास्त्र शिकून आला होता, गोएंका गुरुजींच्या विपश्यना शिबिरात बसला होता आणि जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेत मुरलेला होता. १९७८च्या त्यांच्या ‘साधना’ या पुस्तकात सुरुवात शास्त्रापासून होत नाही. आधी शांत बसा, अंगावरच्या कपड्याचा स्पर्श जाणवू द्या, श्वास येतो-जातो तो पाहा, आजूबाजूचे आवाज ऐका. मग कुठे प्रार्थना येते, आणि त्यात बेनेडिक्टच्या पद्धतीचा एक अभ्यासही आहे. १९८७ साली ते न्यूयॉर्कला अचानक गेले. १९९८ साली व्हॅटिकनने त्यांच्या काही लेखनातल्या विचारांबद्दल सावध करणारं निवेदन काढलं. त्या वादात शिरण्याइतकं धर्मशास्त्र माझ्याकडे नाही. परिचारिका म्हणून मी एवढं सांगेन, की शरीराला बाजूला ठेवून प्रार्थना करायला लावणारी शिकवण मी लहानपणापासून फार ऐकली. डिमेलोंनी शरीराला प्रार्थनेत परत आणलं, आणि आमच्या गुरुवारच्या गटात आम्ही वाचनाआधी थोडा वेळ नुसत्या श्वास घेत बसतो ते त्यांच्यामुळे.

पण मला एक धोकाही दिसतो. कर्जतहून कशेळ्याकडे किंवा चौकहून पुढे कुठेही निघा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मनःशांती विकणाऱ्या पाट्या आहेत. शनिवार-रविवार राहा, ध्यान करा, शरीर-मन-आत्मा एकसंध करून सोमवारी कामावर जा. शहरातली माणसं थकलेली आहेत, त्यांना विसावा हवा, हे मी समजू शकते. मात्र त्या कुंपणांच्या पलीकडच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे घेऊन पाण्यासाठी वणवण करतात. शेजारणीच्या हंड्याकडे पाठ करून मिळालेली शांतता अर्धीच आहे. शुभवर्तमानात येशू ज्याला बरं करतो त्याला तो एकट्याला शांत करून सोडत नाही, माणसांत परत पाठवतो. गरसेकरांच्या प्रदेशातला तो थडग्यांत राहणारा, स्वतःला दगडांनी ठेचून घेणारा माणूस शुद्धीवर आल्यावर येशूबरोबर जायची विनवणी करतो, आणि येशू त्याला त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे जायला सांगतो.

दुसरा धोका आमच्या घरातला आहे आणि त्याबद्दल आम्हीच बोललं पाहिजे. चंगाई सभांमध्ये मोठमोठ्या ध्वनिक्षेपकांवरून लोकांना बरं झाल्याचं जाहीर केलं जातं. आजाऱ्यासाठी प्रार्थना करण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. रात्रपाळीत कितीतरी खाटांशी उभं राहून मी ती केली आहे. पण क्षयाच्या गोळ्या चालू असलेल्या एका बाईने अशाच एका सभेनंतर औषध सोडलं, कारण ती बरी झाली असं तिला सांगण्यात आलं होतं. क्षयाचा उपचार निदान सहा महिने चालतो, दोन महिन्यांत खोकला थांबतो आणि तिथेच माणूस फसतो. ती पुन्हा आली तेव्हा फुप्फुस आधीपेक्षा वाईट अवस्थेत होतं. ज्यांनी ते जाहीर केलं त्यांनी लूकचा सतरावा अध्याय सावकाश वाचायला हवा होता. दहा कुष्ठरोगी येशूला हाका मारतात. तो त्यांना याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगतो, कारण त्या काळी कुष्ठ गेलं की नाही ते तपासून ठरवण्याचं काम याजकांचं होतं. म्हणजे बरं करणारा स्वतःच तपासणीला पाठवतो. परिचारिकेच्या डोळ्यांना हे लगेच दिसतं. सभेच्या गडबडीत ते कोणालाच दिसत नाही.

आमच्या गटात ना मंच असतो ना ध्वनिक्षेपक. प्रार्थनेसाठी चार बायका जमल्या की शेजारीपाजारी संशयाने पाहतात, असा सध्याचा काळ आहे. आम्ही दार उघडं ठेवून बसतो. शेजारची मुलगी कधी आईचा निरोप घेऊन येते आणि वाचन ऐकत दारातच बसते. आम्ही तिला काही विचारत नाही, निरोप ऐकतो आणि वाचन पुढे चालू ठेवतो.

१९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाचा कडा खालच्या इर्शाळवाडीवर कोसळला. खालापूर तालुक्यातली ही ठाकरांची वाडी. सत्तावीस मृतदेह मिळाले. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा सत्तावन्न माणसं मातीखालीच राहिली. वर जायला रस्ता नव्हता, यंत्रं चढत नव्हती, पाऊस थांबत नव्हता. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली त्या दिवसांत पायथ्याशी ड्युटीवर होत्या. दुसरा दिवस गुरुवारचा होता, पण त्या दिवशी घराबाहेर पडण्यासारखी परिस्थितीच नव्हती. पुढच्या गुरुवारी आम्ही जमलो तेव्हा कोणालाच ठरलेला उतारा नको होता. कोणीतरी ईयोब काढला, दुसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या तीन ओव्या.

ईयोबाची मुलं एका घरात जेवत असताना वादळाने ते घर त्यांच्यावर पडलेलं असतं. त्याचे तीन मित्र दुरून येतात, त्याला ओळखतही नाहीत इतका तो बदललेला असतो. ते मोठ्याने रडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहतात. कोणी एक शब्द बोलत नाही. त्यापुढे वीसहून अधिक अध्याय ते ईयोबाशी वाद घालतात, कारणं देतात, देवाची बाजू मांडतात, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांना सांगतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. त्यांचं चुकलं ते तोंड उघडल्यावर. जमिनीवर बसले होते तोवर ते खरे मित्र होते.

आम्ही तीनदा वाचलं. कोणी थांबलेली जागा सांगितली नाही. पॅकिंगला जाणारी मुलगी एवढंच म्हणाली की तिच्याबरोबर काम करणाऱ्या एकीचं माहेर त्या वाडीत होतं. आपण तिथे प्रार्थनेला जावं का, असा विषय निघाला. आजी म्हणाली, त्यांची माणसं, त्यांचे देव, त्यांचं सुतक, आपण मध्ये प्रार्थना घेऊन जाऊ नये. पुढे वाचलेल्या कुटुंबांना चौकजवळ तात्पुरत्या कंटेनरमध्ये ठेवलं तेव्हा आमच्यातल्या दोघी-तिघी तिथे जात राहिल्या. मदतीचं सामान खूप येत होतं. रक्तदाबाची गोळी चुकलेल्या म्हाताऱ्या माणसापाशी बसायला, झोप न लागणाऱ्या बाईचं ऐकायला माणसं कमी होती. या जाण्याला आम्ही काही नाव दिलं नाही, पण माझ्यापुरतं मी जाणते की ते गुरुवारच्या वाचनाचंच पुढचं पाऊल होतं. सबंध होणं म्हणजे तुटलेलं दिसेनासं होणं नव्हे, हे मला त्या कंटेनरच्या दारात कळलं. काही तुटलेलं भरून येत नाही. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, पुढे आशेची एक ओळही नाही, आणि तरी ते शास्त्रात ठेवलं गेलं आहे. तक्त्यात ते स्तोत्र एका दिवसाच्या अर्ध्या चौकोनात मावतं. जिचं घर गेलं तिच्याजवळ बसताना ते महिनाभर पुरतं.

पाळकांशी माझं यावर बोलणं होतं. काहींना भीती वाटते की प्रत्येकीने आपापल्या परीने ऐकलं तर शिकवण ढिली पडेल. भीती अगदीच खोटी नाही, म्हणून आमचा नियम आहे की उताऱ्यात जे नाही ते त्यात घालायचं नाही, आणि शंका आली की पाळकांना किंवा वसईच्या शेजारणीच्या फादरांना विचारायचं. या शेजारणीजवळ फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल आहे, आमच्याकडे बायबल सोसायटीचं जुनं भाषांतर. दोन्ही एकामागून एक वाचली की प्रोटेस्टंट आणि कॅथलिक शेजारी बसून एकच गोष्ट ऐकतात, आणि आमच्या भागात असं बसणं अजून फार होत नाही. दुसरी अडचण पाळक सांगतात ती तरुणांची. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना मराठी बायबल भरभर वाचता येत नाही. मला तर ती संधी वाटते. अडखळत, अक्षर लावत वाचणारा मुलगा प्रत्येक शब्दापाशी थांबतोच. त्याला उपासनेत वाचायला उभं करा, आणि तो अडखळला तर कोणी पुढचा शब्द पुरवू नका.

माझी मागणी मोठी नाही. रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ झाला की उपदेशाआधी पाच मिनिटं काही बोलू नये, पेटी वाजवू नये, सूचना वाचू नयेत. आणि नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चार आठवड्यांत मंडळीने लूकचा फक्त पहिला अध्याय घ्यावा, दर आठवड्याला त्याचा एक तुकडा. त्यात वांझ म्हणून हिणवलेली म्हातारी अलीशिबा आहे, गर्भार राहिलेली अविवाहित मरिया आहे, वाचा गेलेला जखऱ्या आहे. नऊ महिने मुका राहिलेल्या माणसाने पाटीवर मुलाचं नाव लिहिलं आणि त्याचं तोंड उघडलं, एवढ्या एका गोष्टीपाशी आठवडा सहज जाईल.

आमच्या गटाची गाडी मार्काच्या आठव्या अध्यायात आहे. बेथसैदातला आंधळा. येशू त्याला हात धरून गावाबाहेर नेतो, डोळ्यांवर हात ठेवतो, आणि त्याला माणसं दिसतात पण झाडं चालत असल्यासारखी. येशू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा त्याला नीट दिसू लागतं. एकाच माणसाला दोनदा हात लावावा लागला, अशी गोष्ट चारही शुभवर्तमानांत दुसरी नाही. मोतीबिंदूच्या शिबिरांतून पट्टी काढल्यावर पहिल्या दिवशी धूसर दिसतं म्हणून घाबरलेली कितीतरी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना उद्या पुन्हा या असं सांगितलं आहे. आजी म्हणते, त्या मधल्या वेळी, अर्धवट दिसत असताना, त्याने खोटं सांगितलं नाही हे विशेष. सगळं दिसतंय असं म्हणून तो मोकळा झाला असता. हा उतारा आम्ही अजून सोडलेला नाही.